मास्तरचा उजेड

माझी नात क्रिस्टल लग्न होऊन शांती नगरला गेली, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्नात बँड नव्हता. चर्चमधून नवरा-नवरी चालत घरी आली आणि मागे बायका न गाता चालल्या. महिन्याभरापूर्वीच माझ्या धाकट्या दिराचा मुलगा नॅथन समुद्रात पडला होता. गोराईच्या बाजूला सापडला, तेव्हा त्याच्या हातातल्या अंगठीवरून ओळखावा लागला. एकुलता एक होता.

दीर म्हणजे कॉन्रॅड. त्याची बायको मॅबेल माझी जाऊ. आमची घरं उत्तनला भिंतीला भिंत लागून आहेत, मागे मासळी वाळवायचे बांबू आणि त्यामागे समुद्राचा बांध. मॅबेल मला बाय म्हणते.

पोराला मातीत ठेवून आल्यापासून मॅबेलनं जेवण सोडलं. रागानं नाही, नवस म्हणूनही नाही. ताट घेऊन बसायची, घास करायची आणि परत ताटात ठेवायची. भाईंदरच्या डॉक्टरनं सलाईन लावलं, पुन्हा लावलं, मग म्हणाला, "आता पोटात काही गेलं नाही तर मी काही करू शकत नाही." कॉन्रॅड माझ्या दारात येऊन उभा राहायचा. "वहिनी, तुम्ही सांगा हिला. तुमचं ऐकते." माझंही ऐकत नव्हती. तिच्या हाताची हाडं मोजता येतील अशी झाली होती.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असताना पाहुणे आले. ते कुठून आले ते टीव्हीवर खूप दिवस सांगत होते, मला एवढंच कळलं की फार लांबून आले आणि परत जाणं नाही. त्यांना खारी हवा मानवते म्हणून सरकारनं त्यांना किनाऱ्यावरच्या गावांत वाटून दिलं. आमच्या गावाच्या वाट्याला एकच आला. कॉन्रॅडनं फादरच्या शब्दाखातर हो म्हटलं. घरात एक खोली रिकामी होती, ती कोणाची ते सगळ्यांना माहीत होतं.

नेहा मॅडम नावाची एक मुलगी सरकारी गाडीतून त्याला घेऊन आली. बारा वर्षांच्या पोराएवढा उंच, अंग ओल्या बोंबलासारखं, आरपार दिसेल असं. तोंड होतं, पण ते हलायचं फक्त बोलताना. हसणं नाही, कपाळाला आठी नाही. डोळे दोन, पापणी नाही. नेहा मॅडमनं पांढऱ्या पुडीचे डबे दिले. "हे पाण्यात भिजवून द्यायचं. बाकी टेन्शन घेऊ नका, भाषा शिकून आलेत. जे नको असेल ते स्वतःच सांगतील."

भाषा तो शिकला होता, पण कुठल्या तरी पुस्तकातून. "नमस्कार. आपल्या गृही मला आश्रय मिळाला, याबद्दल मी आपला ऋणी आहे," असं ओट्यावर उभं राहून म्हणाला. समोरचा रेनॉल्ड जाळं शिवत बसला होता, त्याच्या हातातली सुईच थांबली. "अरे, हा तं शाळेतला मास्तर हाय!" त्या दिवसापासून तो मास्तर झाला. त्याचं खरं नाव एक लांब श्वास सोडल्यासारखं होतं, ते कोणाला जमलं नाही.

मॅबेलनं त्याच्याकडे बघितलंही नाही. पण संध्याकाळ झाली आणि घरात पाहुणा उपाशी बसलाय, हे तिला सहन झालं नाही. ती उठली. किती आठवड्यांनी चुलीपाशी गेली असेल. सुक्या बोंबलाचं कालवण केलं, बाटलीतला मसाला घालून, जसं नॅथनला लागायचं तसं. तांदळाची भाकरी केली आणि त्याच्यापुढे ताट ठेवलं. मी दारात उभी होते.

त्यानं एक घास खाल्ला. आणि त्याच्या गळ्याखाली उजेड लागला. आधी थोडा, मग छातीपर्यंत, निळसर पांढरा. भिंतीवर पडला.

"अगो बाय! पेटला बघ!" मॅबेल ओरडली.

कॉन्रॅड म्हणाला, "खूश झाला! आवडलं त्याला!"

आम्हाला कोणालाच शंका आली नाही. शंका येणार कशी? काळोख्या रात्री समुद्रात मासळीचा थवा हलला की तिथलं पाणी उजळतं. आमचे आजे तो उजेड बघून जाळं टाकायचे. पाणी पेटलं असं कोणी किनाऱ्यावर येऊन सांगितलं तर बायका टोपल्या काढायच्या. आमच्या गावात पाण्यातला उजेड म्हणजे एकच, चांगलं झालं.

मॅबेल हसली. पोर गेल्यानंतर पहिल्यांदा. मास्तर म्हणाला, "पुरे." तसं मॅबेलनं दटावलं, "पुरे काय? पाहुण्यानं लाजायचं न्हाय," आणि आणखी वाढलं. तो आणखी उजळला. भांड्यात उरलेलं कालवण मॅबेलनं स्वतःच्या ताटात घेतलं आणि खाल्लं. कॉन्रॅड उठून मागच्या दारी गेला. तिथं उभा राहून तो रडत होता, मला दिसत होतं.

तेव्हापासून मॅबेलचं जेवण मास्तरच्या उजेडाला बांधलं गेलं. ती त्याच्यासाठी रांधायची, तो खाऊन उजळायचा, आणि तो उजळला की हिच्या घशाखाली घास उतरायचा. सरकारी डबे माळ्यावर गेले. तिच्या गालावर मांस आलं. होड्या समुद्रात गेल्या तशी ती पुन्हा बाजारात बसू लागली.

गावालाही तो खेळ झाला. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की कोणी ना कोणी काहीतरी घेऊन यायचं. कोळंबी, तळलेल्या गोल फुग्या, नारळाची वडी. मीही नेलं. पोरं त्याच्याभोवती बसायची, तो पेटला की टाळ्या वाजवायची. रेनॉल्ड रोज सकाळी विचारायचा, "काय मास्तर, काय म्हणतंय हवामान खातं?" आणि मास्तर गंभीरपणे सांगायचा, "समुद्र शांत आहे. आपण निर्धास्तपणे नौका न्यावी." सगळा किनारा हसायचा. रेनॉल्ड म्हणायचा, "माझी बायको सुद्धा मना आपण म्हणत न्हाय रे!"

नेहा मॅडम चौकशीला यायची. तिच्यासमोर मॅबेलनं त्याला भाकरी भरवली, तो उजळला. "वॉव, किती खूश आहेत!" म्हणत तिनं फोटो काढला. आम्ही सांगितलं तेच तिनं मानलं. मास्तरला विचारलं तर तो म्हणाला, "मी उत्तम आहे."

दुपारी मात्र तो एकटा बांधावर जाऊन बसायचा, पाय भरतीच्या पाण्यात सोडून. तिथं त्याच्या अंगात उजेडाचा ठिपका नसायचा. राखेसारखा दिसायचा. मॅबेल लांबून बघून म्हणायची, "बिचारा, घरची आठवण येते त्याला. बघ कसा विझलाय." आणि त्याला हाक मारून काहीतरी खायला द्यायची.

थंडी सुरू झाली तसा तो भिंतीला हात धरून चालू लागला. तळहाताला भेगा पडल्या, आटलेल्या मिठागराला पडतात तशा. आम्ही म्हटलं, हवा लागली नाही.

नाताळच्या आधी कॉन्रॅडनं सुकी मासळी भरायला टेम्पो बोलावला होता. भर दुपार. मास्तर मदतीला उभा होता, त्याला कामाची हौस होती. कॉन्रॅडनं न बघता मागचं लोखंडी फळकं आपटलं आणि मास्तरची बोटं त्यात चेमटली.

मास्तर ओरडला नाही. तो उजळला. इतका की उन्हात सुद्धा डोळे दिपले. बांबूंच्या सावल्या जमिनीवर उलट्या बाजूला पडल्या.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. कॉन्रॅड घाबरला होता, पण उजेड बघून त्याचा जीव भांड्यात पडला. "सॉरी हां मास्तर! बघा वहिनी, रागावला पण न्हाय. हसतोय!"

मी त्याच्या हाताकडे बघत होते. दोन बोटं मधूनच वाकडी होऊन लोंबत होती.

मी साठीनंतर अक्षरं शिकले. तेव्हा मला एक कळलं होतं. खूण कितीही वेळा बघितली तरी तिचा अर्थ आपोआप कळत नाही, ज्याची ती खूण आहे त्याला विचारावं लागतं. त्या उजेडाचं मास्तरला आम्ही कोणीच विचारलं नव्हतं.

बोटं बांधून दिल्यावर तो बांधावर गेला. मी मागोमाग गेले, शेजारी बसले.

"मास्तर, ते पेटतं ते दुखलं की पेटतं ना?"

"होय."

"आणि आत्ता? आत्ता विझलायस."

"येथे मला बरे वाटते. खाऱ्या पाण्यात वेदना शमते."

"मॅबेलचं जेवण?"

"ते माझ्या देहाला सोसत नाही. आत जळते."

"मग सांगितलं का नाहीस?" माझा आवाज चढला.

"पहिल्या दिवशी मी पुरे म्हणालो. त्या रागावल्या आणि त्यांनी अधिक वाढले. रेनॉल्ड यांच्या घरीही तसेच झाले, आपल्याही घरी. मला वाटले, येथे नाकारणे हा अधिक मागण्याचा रिवाज असावा."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"पण नंतर तरी?"

"नंतर मला कळले, त्यांचा पुत्र गेला आहे. आमच्यात ज्याचे माणूस गेले, त्याने पुढे केलेली वस्तू कोणी नाकारत नाही. त्याच्या हातून आधीच एक गेलेले असते." मग म्हणाला, "आपण त्यांना सांगू नये. त्या पुन्हा जेवणार नाहीत."

समुद्र अगदी पायाशी आला होता. मला दोघांची ताटं डोळ्यांपुढे दिसत होती. एक भरलेलं ठेवायचं तर दुसऱ्याचा जीव जात होता. न सांगता राहिले असते तर मॅबेल जेवत राहिली असती आणि एक दिवस त्याला मारून बसली असती, आपल्याच हातानं, पोरासारखं भरवून भरवून. ते मला बघवलं नसतं. मी त्याच संध्याकाळी तिला सांगितलं.

ती मासळी साफ करत होती. ऐकून घेतलं. कोयता खाली ठेवला नाही.

"तू जळतेस माझ्यावर, बाय."

"मॅबेल..."

"तुझी पोरं जिती हायत. नातीचं लगीन झालं. माझ्या घरात एक जीव हसतो तो पण तुला बघवत न्हाय."

कॉन्रॅड म्हणाला, "अगं, वहिनी कशाला खोटं बोलतील?" त्याला तिनं हातानंच गप्प केलं. हात धुतले, ताट वाढलं आणि मास्तरला हाक मारली. तो भिंत धरत आला, बसला. तिनं घास करून त्याच्या तोंडापाशी नेला. त्यानं खाल्ला. गळा उजळला.

ती बघत राहिली. मग तिनं त्याचा बांधलेला हात आपल्या हातात घेतला आणि मोडलेलं बोट दाबलं.

तोच उजेड. तसाच निळसर, तसाच गळ्यापासून छातीपर्यंत उतरणारा.

मॅबेलनं हात सोडला. "तू मना फसवलंस," एवढंच म्हणाली. आत गेली आणि दार लावून घेतलं.

मग ती पुन्हा जेवेना. पाणीसुद्धा कॉन्रॅड खिडकीतून देई तेव्हा दोन घोट. मास्तर तिच्या दाराबाहेर ओट्यावर बसला. त्याच्यापुढे आता कोणी ताट ठेवत नव्हतं. सरकारी डबे मी माळ्यावरून काढले, भिजवून दिलं, त्यानं थोडं खाल्लं. तरी तो पेटलेलाच राहिला. दिवसा थोडा, संध्याकाळी जास्त. समोरच्या घरांवर नाताळच्या चांदण्या लागल्या होत्या आणि मधोमध हा एकटा जळत बसलेला. गावाला एव्हाना कळलं होतं. ज्यांनी पोरांना दाखवायला आणलं होतं ते आता पोरांना दुसऱ्या वाटेनं नेऊ लागले. रेनॉल्ड एकदा आला, समोर उभा राहिला, हवामानाचं काहीच न विचारता गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं आपल्या दारावरची चांदणी उतरवली.

कॉन्रॅड मला म्हणाला, "वहिनी, आता दोघं मरतील."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिन्हीसांजेला दाराची कडी वाजली. मॅबेल चौकट धरून उभी होती. केस मोकळे, ओठ फाटलेले. खिडकीच्या फटीतून तो उजेड तिच्या अंथरुणावर पडत होता म्हणे, पाठ केली तर भिंतीवर दिसत होता.

"कशाला पेटतोस रे?" ती म्हणाली. "आता तं तुला कोणी भरवत न्हाय."

"आपण उपाशी आहात," मास्तर म्हणाला.

ती चौकट धरत उंबऱ्यावरच बसली. माझ्याकडे मान वळवून म्हणाली, "बाय, काय हाय गं तुझ्या घरी?"

माझ्या घरी सकाळची भाकरी होती आणि खाऱ्या मासळीचा तुकडा. गरम करायला थांबले नाही, तसंच आणलं. मॅबेलनं ताट मांडीवर घेतलं. भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला. गिळताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, घसा सुकलेला होता. नजर मास्तरच्या गळ्यावर. एक घास, मग दुसरा. छातीवरचा उजेड वर सरकला. आणखी एक घास. ती घाईघाईनं खात होती, जणू आग विझवायला पाणी ओततेय. भाकरी संपत आली तसा तो मालवत गेला आणि शेवटी ओट्यावर अंधार झाला.

त्या अंधारात मॅबेलनं पहिल्यांदा हंबरडा फोडला. माती देताना सुद्धा ती रडली नव्हती. नॅथनचं नाव घेत, त्याच्या लहानपणाचं एकेक काढत ती रडली. शेजारच्या बायका जमल्या. मास्तर गोंधळला. मला म्हणाला, "यांच्या डोळ्यांतून पाणी जात आहे. हे थांबवावे काय?"

मी म्हटलं, "नको. राहू दे. हे बरं आहे."

पुढे सगळं सरळ झालं, फक्त उशीर झाला होता. नेहा मॅडम माणसं घेऊन आली, तपासलं. ती रडवेली झाली, "मी फोटो काढत बसले हो," म्हणाली. त्यांनी सांगितलं, आतलं जे जळलं ते पुन्हा होत नाही. त्याला दुसरीकडे न्यायचं म्हणाले. मास्तर म्हणाला, "येथे बांध जवळ आहे," आणि राहिला.

मॅबेल रोज त्याच्यासमोर बसून जेवायची. त्याच्यापुढे रिकामं ताट ठेवायची, पाहुण्यापुढे काहीच नाही हे तिला जमेना. वाढायला हात उचलायची आणि थांबायची. तो म्हणायचा, "पुरे." ती म्हणायची, "बरं." कधी जेवणात तिचं मन नसलं तर त्याच्या गळ्याशी एक ठिणगी दिसायची. "जेवते रे बाबा, जेवते," म्हणत ती घास उचलायची. एकदा तो न विचारता तिच्या बोलीत म्हणाला, "कालवण तिखट हाय काय?" मॅबेल एवढी हसली की तिला ठसका लागला.

उपासाचे चाळीस दिवस आले. आम्ही मासळी-मटण सोडलं, मॅबेलला फादरनी सांगितलं, तू सगळं खा. मास्तर हलका होत चालला होता, कॉन्रॅड त्याला उचलून बांधावर नेऊन बसवायचा. शेवटी शेवटी तो अजिबात पेटत नव्हता. आम्ही त्यावरच निर्धास्त होतो. मॅबेल मला सांगायची, "अंधारात हाय, म्हणजे बरा हाय."

ईस्टरनंतर एका सकाळी ती चहा-पाव घेऊन बांधावर गेली. तो भिंतीला टेकून बसला होता, पाय पाण्यात, अंगात उजेडाचा ठिपका नाही. ती शेजारी बसली. बाजारात कोण काय म्हणालं ते सांगत तिनं चहा प्यायला, पाव शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला. मग त्याच्या हाताला हात लावला. तो थंडच असायचा नेहमी, म्हणून तिला तेव्हाही लगेच कळलं नाही.

सरकारी गाडी त्याला घेऊन गेली. कुठे ठेवला ते आम्हाला सांगितलं नाही. फादरनी घंटा वाजवू दिली, गावातल्या माणसासाठी वाजते तशी.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला आम्ही मेलेल्यांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो. सगळी दफनभूमी त्या संध्याकाळी उजळते. मॅबेल नॅथनच्या कबरीवर चार कोपऱ्यांना चार लावते. मग घरी येते आणि ओट्यावरचा दिवा बंद करते, आतलेही सगळे बंद करते. कॉन्रॅड बाहेर येऊन बसतो, मीही जाऊन बसते. समोर रेनॉल्डही आपला दिवा बंद करतो. थोडा वेळ आम्ही तसेच बसतो. मग मॅबेल उठते, दिवा लावते आणि आम्हा सगळ्यांना जेवायला वाढते.

मास्तर वारला तो २०२४ साली, ईस्टरनंतरच्या मंगळवारी, सकाळी, उत्तनच्या बांधावर.